शुक्र बाहेर पडताना

फोटोग्राफरने लेन्सवर काळा फिल्टर चढवला, पडद्यावरचा सूर्य नीट मधोमध आणला आणि मगच गच्चीच्या दाराकडे वळून पाहिलं. ती आली होती. अंगावर नर्सचा, रात्रपाळीचा पांढरा गणवेश तसाच.

"लिफ्ट अजून बंदच आहे का तुमची?" ती धापा टाकत म्हणाली. "सुरू झालं?"

"केव्हाच. आता संपत आलंय."

आठ वर्षांपूर्वी, नवरा-बायको असताना, दोघं याच गच्चीवर, सूर्यावरून सरकत जाणाऱ्या शुक्राची वाट बघत बसली होती. ढग काही हटले नाहीत. तो दिवसभर ना जेवला, ना बोलला. शेवटी तीच म्हणाली होती, पुढच्या खेपेला बघू, दोघं मिळून. ती खेप येईतो संसार मोडला. आता तिचं दुसरं घर होतं, त्या घरात रांगतं मूल होतं. तरी परवा तिचा फोन आला होता. शब्द दिलाय, येते.

ती कॅमेऱ्यावर वाकली. नारिंगी सूर्यावर काळा तीळ.

"एवढासाच?"

"जवळजवळ पृथ्वीएवढा आहे तो."

"असेल बाबा. पुन्हा कधी?"

"शंभर वर्षं तरी नाही."

"म्हणजे तेव्हा आपणच फोटोत. भिंतीवर." हसता हसता तिला जांभई आली. "तो बाहेर पडताना मला बघायचंय. हाक मार. तोवर जरा टेकते."

टाकीच्या सावलीत खुर्ची होती. बसल्या बसल्या तिची मान कलली. तो बटण दाबत राहिला. काल रात्री उशिरापर्यंत तो कुणाच्या तरी लग्नाचे फोटो काढत होता. खांदा भरून आला होता, डोळे चुरचुरत होते.

ठिपका सूर्याच्या कडेला टेकला, तसा तो तिच्याजवळ गेला. खांद्याला हलकेच बोट लावलं.

"सिस्टर," तो जुन्या सवयीने म्हणाला.

डोळे न उघडताच ती पुटपुटली, "तू घे ना त्याला जरा. माझा आत्ताच डोळा लागलाय."

त्याने बोट काढून घेतलं. सावली सरकून ऊन तिच्या गालावर आलं होतं. तो पाऊलभर बाजूला झाला आणि उन्हाच्या आड उभा राहिला. कॅमेरा चार पावलांवर होता. तो तिथून हलला नाही.

ती जागी झाली तेव्हा त्याची मान तापून लाल झाली होती.

"गेला?"

"गेला."

"बाहेर पडतानाचा मिळाला?"

"नाही."

तिने वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

"मला हाक का नाही मारलीस?"

"मारली होती. तू म्हणालीस, आत्ताच डोळा लागलाय."

ती खुर्चीतून उठली. मग पर्स उचलत, त्याच्याकडे न बघता तिने विचारलं,

"आणखी काय म्हणाले मी?"

तो पाठमोरा होऊन कॅमेरा पिशवीत ठेवत होता.

"काही नाही," तो म्हणाला. "सावकाश उतर. जिन्यात अंधार आहे."