कपाळावरची काजळी

दर शनिवारी करागंदा या कोळशाच्या गावातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर गोष्टीच्या खेळाचे फासे पडतात. खेळणाऱ्या प्रत्येकाचं एक पात्र असतं, आमचा मित्र दौलेत गोष्ट पुढे नेतो आणि कोण जगणार ते फासे ठरवतात. पात्रांची चित्रं मी टॅब्लेटवर काढते. मागच्या खेळात माझ्या भावाचा, मेर्गेनचा, सरदार मेला.

"पुढच्या वेळी तो प्रेत होऊन परत येतोय," दौलेत मला म्हणाला. "असा काढ की घास उतरू नये."

"आणि चेहरा माझाच हवा," मेर्गेन म्हणाला. दोघेही कोळशाच्या खाणीत कामाला.

मी रसायनशास्त्र शिकले आहे. प्रेत नुसतं राखाडी नसतं. रक्त खाली उतरतं, चेहऱ्यावर मेणचट पिवळेपणा उरतो. तसाच रंगवला. डोळ्यांच्या खोबणीत कोळशाची भुकटी भरली. तरीही आगा, माझा दादा, ओळखू येत होता, आणि सगळ्यात वाईट तेच होतं.

आपा, आमची आजी, चहा घेऊन आली आणि कप तिच्या हातातच राहिला.

"जित्या भावाचं मढं काढतेस? कपाळाला काजळी लाव आधी." तान्ह्या मुलांना लावतात तशी.

"आपा, खेळ आहे हा."

"मग खेळातली लाव!"

तिच्या समाधानासाठी मी चित्रावरच्या वेगळ्या थरात, लेयरवर, कपाळाला काळं बोट ओढलं.

सकाळी कामावर निघताना मेर्गेनने टॅब्लेट उचलला. "मढ्याला कसली गं दृष्ट लागणार, चिमणे?" त्याने चित्र फोनवर घेतलं आणि हसत गेला. मग मी पाहिलं. काजळीचा लेयर त्याने बंद केला होता.

मी फोन लावला. नुसताच वाजत राहिला. खाली खाणीत फोन नेऊ देत नाहीत, म्हणजे तो कपाटात असणार. लेयर सुरू करून चित्र पुन्हा पाठवलं. त्याने काय साधणार होतं, मला सांगता येणार नाही.

दुपारी दार उघडलं. मेर्गेन! कपड्यांवर कोळशाचा कण नाही.

"मुकादमाने उतरूच दिलं नाही. पोरांना चित्र दाखवत होतो, तेवढ्यात त्याने बघितलं. म्हणे, हे तोंड घेऊन आज माझ्या लिफ्टच्या पिंजऱ्यात पाय ठेवायचा नाही. भित्रा म्हातारा! मग फोन कपाटातच विसरून बाजारात हिंडत बसलो."

आपाने त्याचं डोकं छातीशी धरलं. मला हसू आवरेना.

"मग तुझ्या जागी कोण गेलं, आगा?"

"दौलेत. सुट्टीवर होता, त्याला बोलावून घेतलं. शिव्या घालतच उतरला. म्हणाला, शनिवारी तुझं मढं पुन्हा मारतो."

दौलेत फक्त गोष्ट सांगायचा. त्याला पात्र नव्हतं. त्याचं चित्र मी कधी काढलंच नव्हतं.

खिडकीची काच थरथरली. मग खाणीकडून भोंगा सुरू झाला. पाळी संपायला अजून वेळ होता.

मेर्गेन तसाच बाहेर धावला. आपा कोळशाच्या शेगडीपाशी गेली, झाकणाखालून बोटावर काजळी घेतली आणि ती कुणाच्या कपाळाला लावायची ते न कळून बोट वर धरून उभी राहिली.