अजून एक सीझन

मी एक जुना, मान डुलवणारा बाहुला आहे. इकडे अमेरिकेत मला बॉबलहेड म्हणतात. उंचीला वीतभर, डोकं धडाच्या मानाने भलतंच मोठं आणि मानेच्या जागी एक स्प्रिंग. टिचकी मारली की मी मान डोलावतो. कोणी काहीही बोललं तरी डोलावतो, म्हणून माझ्याशी बोलायला लोकांना फार आवडतं. मित्रांनो, माझं स्वतःचं असं माझ्याकडे काहीच नाही. चेहरासुद्धा माझा नाही. तो कोल्बी रेनर नावाच्या एका बेसबॉल खेळाडूचा आहे.

कारखान्यात आम्ही हजारो रेनर एका रांगेत सुकत उभे होतो. मला रंगवणाऱ्या बाईचा हात जरा घसरला असावा. माझा एक डोळा किंचित बाहेर वळला आहे, त्यामुळे मी समोर बघत असलो तरी दाराकडे कोणाची तरी वाट बघतोय असं वाटतं. त्या वर्षी रेनर ऐन भरात होता. बॅट फिरवली की चेंडू प्रेक्षकांत जायचा. सामन्याला येणाऱ्यांना मैदानाच्या दारातच आम्ही फुकट वाटले गेलो. मला मोरेश्वरकाकांनी घेतलं आणि आपल्या शाळकरी मुलीच्या, नैनाच्या हातात दिलं. घरी जाईपर्यंत गाडीत तिने मला इतक्या टिचक्या मारल्या की तेव्हापासून माझी मान जरा सैलच आहे.

घर ट्रॉय नावाच्या गावात होतं. बेसमेंटमध्ये टीव्हीशेजारच्या फळीवर मला जागा मिळाली आणि तिथेच माझी नोकरी सुरू झाली. मोरेश्वरकाका मूळचे वेंगुर्ल्याचे. गाड्यांच्या कंपनीत ते सीटचं डिझाइन करायचे. त्याच कंपनीत ब्रेक तपासणारे रवीकाका नागपूरचे. दोघांची मैत्री जुनी आणि भांडण त्याहून जुनं. बेसबॉलचे सामने उन्हाळ्यात होतात, पण भांडणाचा खरा हंगाम हिवाळ्याचा. सामने संपले, बर्फ पडू लागला, की टीम कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं ते ठरवते. टीमच्या आधी हे दोघं बेसमेंटमध्ये ठरवायचे. दर रविवारी, जेवणानंतर.

पुढे रेनरचा खेळ बिघडला. गुडघा दुखावला, नजर मंदावली, चेंडू हुकू लागले. लोक त्याची हुर्यो उडवू लागले. मला ते टीव्हीवर दिसायचं. स्वतःच्या चेहऱ्याला हजारो माणसं हिणवताना बघणं कसं असतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी तेव्हाही मान डोलावत असे.

"काढा याला," रवीकाका म्हणायचे. "इतके चान्स आपल्याला कोणी दिले असते का, मोऱ्या?"

"नसते दिले. म्हणूनच याला देऊ या. अजून एक सीझन," मोरेश्वरकाका म्हणायचे.

वाद मिटला नाही की मोरेश्वरकाका माझा कौल लावायचे. कोकणात देवाला कौल लावतात तसा. टिचकी मारायची, मान थांबताना उजवीकडे राहिली तर होकार, डावीकडे राहिली तर नकार. रवीकाका वैतागायचे. "मी बाबासाहेबांचा माणूस आहे. हे कौलबिल मला सांगू नकोस," असं म्हणत ते मुद्दाम पाठ फिरवायचे, पण निकाल काय लागला ते कपाटाच्या काचेत हळूच बघायचे. कौल काहीही येवो, टीम दर हिवाळ्यात रेनरला ठेवत गेली.

मग मोरेश्वरकाका आजारी पडले. वरच्या मजल्यावर कोण चालतंय ते मला मानेतून कळतं. पूर्वी ते चालले की मी चांगला गदागदा हलायचो. हळूहळू त्यांची पावलं त्यांच्या बायकोपेक्षा, शैलाकाकूंपेक्षा हलकी झाली आणि पुढे तर कळेनाशीच झाली. औषधांनी त्यांचे डोळे दुखत, फोन बघवत नसे. नैना आता मोठी झाली होती, दुसऱ्या गावी नोकरी करत होती. ती शनिवार-रविवारी येऊन त्यांना बातम्या वाचून दाखवायची. त्यांचं वाक्य मात्र ठरलेलं होतं. शैलाकाकूंनी पुढच्या उपचाराचं विचारलं की ते माझ्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हा खेळतोय तोवर मीही खेळतो."

यंदा थंडी सुरू झाली तेव्हा टीमने रेनरला काढलं.

नैनाने ती बातमी बेसमेंटच्या जिन्यात उभं राहून वाचली. शैलाकाकू मागोमाग आल्या. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "आत्ता काही बोलू नकोस. गुरुवारी डॉक्टरांना सांगायचंय, पुढची ट्रीटमेंट घेणार की नाही ते. हे ऐकलं तर नाहीच म्हणतील."

"आई, दॅट्स लाइंग," नैना म्हणाली.

"असू दे."

त्या वर गेल्यावर नैना माझ्यासमोर आली. "सांगू का बाबाला?" तिने विचारलं आणि टिचकी मारली. माझी मान उजवीकडे थांबली. तिने पुन्हा मारली. पुन्हा उजवीकडे. डावीकडे थांबेपर्यंत ती मारत राहिली आणि मग डोळे पुसून तिने रवीकाकांना फोन लावला.

ठरलं ते असं. रवीकाकांनी नेहमीसारखं यायचं आणि रेनर अजून टीममध्ये आहे असं धरून नेहमीसारखं भांडायचं. त्यात अवघड ते काय, असं सगळ्यांना वाटलं.

रविवारी रवीकाका आले. हातात त्यांच्या बायकोने, उपासनाकाकूंनी दिलेला भरिताचा डबा होता. मोरेश्वरकाकांना दोघांनी धरून खाली आणलं, सोफ्यावर बसवलं, अंगावर पांघरूण घातलं. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला माझ्या एवढ्या मोठ्या डोक्याची लाज वाटली.

"बोल रव्या. यंदा कोणाला हाकलायचं?"

रवीकाका बोलू लागले. बॉल टाकणाऱ्या पोरांबद्दल बोलले, बॅटवाल्यामागे बसणाऱ्या नव्या कॅचरबद्दल बोलले, मॅनेजरला शिव्या घातल्या. बोलता बोलता ते फळीकडे बघायचं टाळत होते. मोरेश्वरकाका ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आणि आपला रेनर?"

रवीकाकांनी डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. वर्षानुवर्षं तोंडात बसलेला तो एकच शब्द त्यांना म्हणायचा होता. पण समोर मोरेश्वरकाका बसले होते आणि त्यांच्या तोंडून 'काढा' काही निघेना.

"ठेवायला पाहिजे यार त्याला," ते म्हणाले. "अजून एक सीझन द्यायला पाहिजे."

शैलाकाकूंनी चटकन मान वर केली. मोरेश्वरकाकांनी रवीकाकांकडे निरखून बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "कधी काढलं त्याला?"

"बाबा, हू टोल्ड यू?" नैनाने विचारलं.

"यानेच. आत्ता. हा त्याची बाजू घेतो म्हणजे पोरगा गेला."

रवीकाकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. मला वाटलं, आता मोरेश्वरकाका चिडतील. ते चिडले नाहीत. उलट ते हसले, आणि ते हसणं बघून मी फार घाबरलो.

"आता तू माझी बाजू घेतलीस, तर मला तुझी घ्यावी लागेल," ते म्हणाले. "बरं केलं काढलं. त्याचा गुडघा बघितलास का, मैदानात येताना पाय कसा टाकायचा? रोज यायचं, रोज हुकायचं, रोज हुर्यो ऐकायची. तू म्हणायचास काढा, मी म्हणायचो ठेवा. इतके हिवाळे आपण इथे बसून त्याचा निकाल लावला. त्याला कोणी विचारलं का रे, की बाबा, तुला अजून खेळायचंय का?"

शैलाकाकू पांघरुणाचं टोक हातात धरून उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. नैना उठली आणि सोफ्याजवळ खाली गालिच्यावर बसली. तिचं निम्मं बोलणं नेहमी इंग्रजीत असतं. तेव्हा नव्हतं.

"बाबा, तुला खेळायचंय का अजून?"

मोरेश्वरकाकांनी तिच्या केसांवर हात ठेवला.

"नाही गं," ते म्हणाले. "दमलो."

शैलाकाकू रडू लागल्या. त्यांना कोणी थांबवलं नाही. जरा वेळाने मोरेश्वरकाका म्हणाले, "पण तुम्ही बोलत बसा. मला ऐकायचंय."

आणि मित्रांनो, ते बोलत बसले. रडत रडत, नाक ओढत, तिसऱ्या बेसवर आता कोणाला उभं करायचं यावर रवीकाका आणि नैना तावातावाने भांडले. गुरुवारी डॉक्टरांना मोरेश्वरकाकांनी स्वतः सांगितलं. त्यानंतर ते घरीच होते. दर रविवारी खाली येत, दोन घास खात, कधी मधेच झोपून जात. अंगणातला बर्फ वितळत होता तेव्हा ते गेले. नवा सीझन सुरू व्हायचा होता.

शैलाकाकूंना मी डोळ्यांसमोर नकोसा झालो. रवीकाकांनी मला मागून घेतलं आणि आपल्या घरी टेबलावर ठेवलं. या घरात मोरेश्वरकाका कधी राहिले नव्हते, तरी इथे ते असतात. सामना चालू असला की रवीकाका एक वाक्य बोलतात आणि थांबतात, समोरून उत्तर यायला लागेल तेवढा वेळ. मग कोणीतरी बोलल्यासारखे त्यावर चिडून पुढचं वाक्य बोलतात. उपासनाकाकू दारातून बघतात आणि परत फिरतात. रवीकाकांचं असं थांबणं मला सोसवत नाही. त्या वेळात खोलीत काय असतं, ते मला बघायचं नसतं, पण माझे डोळे मिटत नाहीत. रेनर कुठे आहे, मला माहीत नाही. त्याचा चेहरा घेऊन मी इथे बसलो आहे आणि एका मेलेल्या माणसाची बाजू कोणी लढवतंय का ते ऐकतो आहे.

मित्रांनो, घरोघरी असे रविवार असतात. कोणाला काय सांगायचं, काय लपवायचं, कोणाला किती झेपेल, हे सगळे मिळून ठरवतात. मायेनेच ठरवतात. आणि ज्याच्याबद्दल ठरतं तो पलीकडच्या खोलीत जागा असतो. माझं एवढं ऐका. उठा, त्याच्याजवळ जा आणि त्याला विचारा. उत्तर तुम्हाला नको असलेलं आलं, तरी लगेच उठून जाऊ नका. तिथेच बसा, आणि त्याला ऐकू येईल असं बोलत राहा.