दुदुलीची तिवई

कनेश नगरीची वेस दिसू लागली की दूरच्या अशूर शहरातून येणाऱ्या व्यापाऱ्यांची चाल बदलते. डोंगर तुडवत, धूळ खात आलेली ही माणसं वेशीपाशी एकदम खानदानी होतात. मान ताठ, पावलं आखूड, गुडघे जमतील तेवढे सरळ. कारण साधं आहे. गाढवांवरचं कथील राजाच्या महालाची माणसं तोलून घेतात आणि आपला वाटा काढतात. लंगोटातलं कथील कोणी तोलत नाही.

आजच्या तांड्यातल्या तरुण हनुनुचा काका एलाली या विद्येत मुरलेला. आज त्याने इतक्या लगडी बांधल्या होत्या की हातातली काठी पडली तर ती उचलायला पुतण्याला हाक मारावी लागत होती.

"काका, आज तरी नको होतं," हनुनु म्हणाला. "आपण मुलगी मागायला चाललोय."

"मग? लग्नाचा खर्च काय ही गाढवं देणार आहेत? तू चाल आपला रिकामा. घराण्याची अब्रू मी सांभाळतोय."

"कुठे सांभाळताय ते दिसतंय."

हनुनु खरंच रिकामा होता. गेल्या खेपेला वलवलाला जवळ घेताना त्याच्या कमरेत खळ्ळकन वाजलं होतं, आणि प्रेमाच्या गोष्टी तिथेच राहिल्या. वलवला म्हणजे वेशीवरचा नाकेदार दुदुली याची एकुलती एक लेक. "माझ्या बापाच्या दारातून पुन्हा चोरून काही आणलंस तर तोंड पाहणार नाही," असं बजावून तिने त्याला त्याच्या शहराचा देव जो अशूर, त्याच्या खंजिरावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती शपथ मोडायची छाती अशूरच्या माणसात नसते. बाकी काहीही मोडायची असते. बापाला तिने हनुनु मागणी घालायला येणार एवढंच सांगितलं, चोरीचं अवाक्षर नाही. भोळा माणूस, त्याच्या जिवाला लागलं असतं.

दुदुली वेशीच्या सावलीत बसे. शेजारी बिअरचा रांजण, त्यात ओढून प्यायला बोरूच्या लांब नळ्या, आणि समोर पाहुण्यासाठी एक तिवई. येणाऱ्या प्रत्येकाला तो मनापासून म्हणे, "बसा, दोन घोट घ्या." आणि अशूरचा प्रत्येक व्यापारी छातीवर हात ठेवून म्हणे, "छे छे, आपल्यासमोर आम्ही बसायचं?" अंगावर एवढं कथील घेऊन बसलं तर पुन्हा उठणार कोण, हे दुदुलीला कुणी सांगायचं? तो बिचारा गावभर कौतुक करत फिरे, "संस्कार बघावेत तर अशूरच्या लोकांचे! आमची पोरं बापासमोर तंगड्या पसरतात."

आजही तो म्हणाला, "बसा." काकाने छातीवर हात ठेवला. हनुनुचे पाय चालून गळाले होते आणि डोक्यात वलवलाशिवाय काही नव्हतं. तो सरळ तिवईवर बसला आणि नळी तोंडात धरली.

दुदुलीचा चेहरा उतरला. "बसलास?"

"आपणच म्हणालात ना?"

"मी म्हणतोच! रोज म्हणतो! पण अशूरचा एक माणूस आजवर माझ्यासमोर बसला नाही. पांढऱ्या दाढ्यांचे लोक उभे राहतात! आणि तू, काल मिसरूड फुटलेला, माझी मुलगी मागायला आलेला, खुशाल बसतोस?"

वेशीच्या दाराआडून वलवला डोळे वटारून बघत होती. हनुनु पेचात सापडला. खरं सांगावं तर काका कोठडीत, न सांगावं तर वलवला हातची गेली. मागे तांड्यातले सगळे व्यापारी श्वास रोखून, आपापल्या लगडी सांभाळत उभे होते.

"बाबा," तो कसाबसा म्हणाला, "आमच्याकडे रीतच आहे तशी. परके उभे राहतात. जावई बसतो."

दुदुलीने ते मनात दोनदा घोळवलं आणि मग त्याचं तोंड फुललं. "जावई बसतो! म्हणजे न विचारताच होऊन बसलास की रे, लबाडा! वलवले, ऐकलंस का? दिली, मुलगी दिली!" त्याने हनुनुला उठवलं, तिवई पुसली आणि दोन्ही हात पसरून काकाकडे वळला. "या व्याही! आता तुम्ही परके कसले? बसा!"

काका मागे सरकला. "छे छे, आपल्यासमोर..."

"आता कसलं छे छे!" म्हणत दुदुलीने त्याचे खांदे धरले आणि प्रेमाने खाली दाबले.

लंगोटाची नाडी तुटली. झग्याखालून एकेक लगड घरंगळत फरशीवर आली. शेवटची गोल गोल फिरत दुदुलीच्या पायाशी थांबली.

दुदुलीने ती उचलली. काकाकडे पाहिलं. मग मागच्या रांगेकडे, त्या ताठ मानांकडे आणि न वाकणाऱ्या गुडघ्यांकडे.

"म्हणजे तो मान नव्हता," तो हळूच म्हणाला. "मी घरी जाऊन बायकोला सांगायचो रे. जेवताना सांगायचो."

हनुनुला वाटलं, याने ओरडावं, मारावं, पण असं बोलू नये. त्याला स्वतःचीही लाज वाटली आणि सगळ्या अशूरचीही.

"बाबा, रीतबीत काही नाही. थाप मारली मी. माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून बसलो."

दुदुलीने हातातली लगड खाली ठेवली. "एवढ्या लोकांत तू एकटाच बसलास माझ्याजवळ," तो म्हणाला. दाराआड वलवलाने डोळे पुसले.

मग दुदुलीने काकाला लगडींसकट महालाच्या तराजूकडे धाडलं, तिवई उचलून वेशीच्या मधोमध ठेवली आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "पुढचे कोण? या, बसा! दोन घोट घ्या!"

तांड्यात एकाएकी कुणाचं गाढव मागच्या गावी राहिल्याचं लक्षात आलं, कुणाच्या पोटात कळ आली, कुणाला नवस आठवला. बघता बघता सगळी खानदानी माणसं, गुडघे न वाकवता, आल्या वाटेने डोंगराकडे निघाली.

दुदुलीने रांजणातली एक नळी हनुनुकडे वळवली आणि आपल्या शेजारची जमीन हाताने झाडली.

"तू बस," तो म्हणाला.