माझ्या अंगावरचे तीन ठिपके

मित्रांनो, मी एक जुने डिझेल इंजिन आहे. तुमच्या तंत्रशाळेच्या जिन्याखाली लोखंडी स्टँडवर जे बसलेले असते, ते मीच. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्यावर दप्तरे टाकता. टाका बापडे, माझी तक्रार नाही. पण परवा तुमचे सर शिपायाला सांगत होते की प्रदर्शनाआधी मला खाचाखळगे बुजवायची लांबी भरून, घासूनपुसून, राखाडी रंग द्यायचा. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. माझ्या नंबराच्या पट्टीखाली तीन बारीक ठिपके आहेत. त्यांची हकिगत ऐकून घ्या, मग हवा तो रंग लावा.

मी नवे कोरे होते तेव्हा एका बेकरीच्या गाडीत बसले. पहाटे गरम पावांच्या वासात सुरू व्हायचे आणि दुपारपर्यंत गल्लीबोळ पालथे घालायचे. फार सुखाचे दिवस होते ते! पुढे वय झाले. मी तेल पिऊ लागले, काळा धूर सोडू लागले. मग बेकरीवाल्यांनी मला कानवाल्या मिस्त्रींकडे नेले. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत, म्हणून त्यांना सगळे कानवाले म्हणत.

मिस्त्रींची एक सवय होती. इंजिन उघडून पुन्हा बांधले की ते त्यावर पंच, म्हणजे पोलादी टोच्या, ठेवून हातोडीचा एक ठोका मारत. जितक्या वेळा उघडले तितके ठिपके. शेजारचा दुकानदार हसायचा. "अहो, तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता की माल जुना आहे?"

"जुनाच आहे, मग काय सांगू?" मिस्त्री म्हणायचे.

असा मला पहिला ठिपका मिळाला. नवे पिस्टन, नव्या रिंगा, मी अगदी तरणेताठे झाले. आणि तिसऱ्या आठवड्यात भर रस्त्यात जाम झाले! मिस्त्रींनी मला उघडले. तेलाच्या एका बारीक वाटेत लोखंडाचा कीस राहिला होता. जेवायला उठण्याआधी त्यांनी बाकीच्या सगळ्या वाटा धुतल्या होत्या, ती एक परतल्यावर धुवायची होती, आणि राहून गेली. त्या दिवशीचे पाव वाया गेले. बेकरीवाल्यांनी सगळा रस्ता गोळा होईल इतका आरडाओरडा केला. मिस्त्रींनी मान खाली घालून त्यांच्या गाडीत दुसरे इंजिन बसवून दिले.

मला त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतले आणि सावकाश, जीव लावून बांधले. मग दुसरा ठिपका मारला. पण दोन ठिपक्यांचे इंजिन कोण घेणार? लोक येत, ठिपके मोजत आणि शेजारच्या दुकानात चकचकीत रंगवलेले इंजिन घेऊन जात. मी ताडपत्रीखाली धूळ खात पडले. अखेर मिस्त्रींनी भंगारवाल्याला होकार दिला. शनिवारी तो मला न्यायला येणार होता. माझे तर धाबे दणाणले.

गुरुवारी एक ताई आल्या. आजारी माणसांना घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी पोहोचवणारी गाडी त्या चालवत. गाडीचे इंजिन कायमचे बंद पडले होते.

"इंजिनातलं मला काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "माणसातलं कळतं असं वाटायचं, पण तिथंही तोंडावर पडले. मागच्या मिस्त्रीनं पाच खूश गिऱ्हाइकं दाखवली. त्यातला एक त्याचा मेहुणा निघाला! इंजिन दोन महिन्यांत बसलं, ते पण गाडीत पेशंट असताना. ती आजारी बाई घामानं भिजली होती. म्हणून यावेळी खूश गिऱ्हाइकं नकोत मला. तुमच्यावर चिडलेलं कोण आहे, ते सांगा."

मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. खोटे बोलणे किती सोपे होते! माझा जीव वाचला असता.

"नाक्यावरचे बेकरीवाले," ते शेवटी म्हणाले. "अजून मला बघितलं की रस्ता बदलतात. आणि ताई, ते याच इंजिनावरून. हा दुसरा ठिपका माझ्या चुकीचा आहे."

ताईंनी ठिपक्यांवरून बोट फिरवले आणि निघून गेल्या. संपले सगळे, मला वाटले. मला मिस्त्रींचा राग आला, आणि रागापेक्षाही जास्त त्यांची माया वाटली.

शुक्रवारी त्या परत आल्या. हातात पाव होता.

"अर्धा तास शिव्या घातल्या त्यांनी तुम्हाला."

"घालणारच की," मिस्त्री म्हणाले.

"ऐकून घेतलं सगळं. मग विचारलं, आता गाडी कुणाकडे दाखवता? तर पाव कागदात गुंडाळायला लागले. नंतर हळूच म्हणाले, 'त्याच्याकडेच. पण मी नाही हां जात, ड्रायव्हर जातो.'" ताई हसल्या. "काका, हेच इंजिन बसवा माझ्या गाडीत."

माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरची चौदा वर्षे मला रोज आठवतात. चढ आला की ताई मला "चल बाळा" म्हणायच्या. मागे बसलेले एक थकलेले आजोबा उतरताना गाडीच्या पत्र्यावर थाप मारून जायचे. त्यांना वाटे, आपल्याला गाडीनेच बरे केले. एकदा माझा पट्टा तुटला आणि ताईंना तासभर रस्त्यात थांबावे लागले, तेही कबूल करते. मिस्त्रींच्या हातचे आहे मी, लपवणार कसे? एरवी मी कुणाला वाटेत सोडले नाही.

शेवटी पुन्हा धूर आला. मिस्त्री तेव्हा फार म्हातारे झाले होते, तरी त्यांनीच मला पुन्हा उघडून बांधले. ताई म्हणाल्या, "काका, ठिपका मी मारू का? तुमचा हात थरथरतोय."

"नाही. काम मी केलंय," ते म्हणाले.

ठोका जरासा घसरला. तिसरा ठिपका म्हणूनच तिरका आहे. ते माझ्यावरचे त्यांचे शेवटचे काम. वर्षभरात त्यांच्या दुकानाचे शटर कायमचे खाली आले. पुढे ताईंनी गाडी चालवणे थांबवले आणि मला तुमच्याकडे आणून दिले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही इंजिने बांधाल. एखादी वाट धुवायची राहून जाईल, कुणाचेतरी पाव वाया जातील. तेव्हा रंगाचा डबा शोधू नका. आणि आज एवढेच करा, लांबी भरायला शिपाईमामा आले की त्यांना थांबवा. त्या तिरक्या ठिपक्यावर आधी तुमचे बोट ठेवा. मिस्त्रींचा हात मला तिथे अजून जाणवतो.