पाय फुटलेलं कासव

"कासवाला पाय कोरायचे. नखांसकट," टांकसाळीचा कारभारी म्हणाला. "समुद्रातलं कासव बंद. आता जमिनीवरचं."

देइनिसने छिन्नी खाली ठेवली. एजिना बेटावरच्या या टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरता कोरता त्याचे केस पांढरे झाले होते. चांदीच्या नाण्यावरचं समुद्री कासव म्हणजे देइनिसचा हात, हे बंदरातलं शेंबडं पोरही सांगत असे.

"का? समुद्र आटला की काय?"

"अथेन्सवाल्यांनी तट पाडला, गलबतं नेली. हरलेल्यांनी समुद्राचा तोरा मिरवू नये, असं सभेत ठरलं."

"गलबतं त्यांनी नेली. कासव तर तुम्ही स्वतःहून देताय! मागितलं होतं का त्यांनी?"

"तोंड सांभाळून बोल, देइनिस."

"आणि पाय देऊन ते जाणार कुठं? आपलं बेट ते केवढं! चालून चालून शेवटी पाण्यालाच लागेल ना?"

घण मारणारा लाम्पोन फिस्सकन हसला. कारभारी भडकला. "जमत नसेल तर दुसरा कारागीर बघतो. आणि जुना ठसा आजच भट्टीत गेला पाहिजे!"

तो गेला तरी देइनिसचा संताप शमेना. खरं तर समुद्राशी त्याचं कधीच पटलं नव्हतं. होडीत पाऊल टाकलं की पोटात ढवळायचं, त्यामुळे जन्मात त्याने बेट सोडलं नव्हतं. खलाशी टर उडवत. तो म्हणे, "उडवा! माझं कासव इजिप्तला जाऊन आलंय." तेवढाच त्याचा प्रवास, आणि तोही या भेकडांनी सभेत नुसते हात वर करून संपवला होता.

पण घरी चूल पेटायला हवी होती. त्याने पाय कोरले, नखं कोरली. चांगलीच कोरली, वाईट कोरणं त्याला येतच नव्हतं.

संध्याकाळी लाम्पोनने भट्टीकडे बोट दाखवलं. "टाकू जुना ठसा?"

देइनिसने तो फडक्यात गुंडाळला. "तुझी होडी आहे ना किनाऱ्याला?"

"तू? होडीत? अरे, ओकून ओकून मरशील!"

"मरेन. चल."

बंदराबाहेर पडेपर्यंत तो सारखा ओकत होता. लाम्पोनने वल्ही थांबवली. देइनिसने तोंड पुसलं, ठसा दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि सोडून दिला.

"बुडालं रे," लाम्पोन हळूच म्हणाला.

"पोहतंय," देइनिस म्हणाला, आणि पुन्हा होडीच्या काठावर वाकला.