शुक्रवारची रेकॉर्डिंग

कामतघरच्या घरात प्रितेश सकाळपासून दोन कॉम्प्युटर समोरासमोर मांडून बसला होता आणि दोघंही एकमेकांना ओळख द्यायला तयार नव्हते. एक अठरा वर्षांचा पिवळा पडलेला डबा. दुसरा गेल्या महिन्यात घेतलेला लॅपटॉप, इतका नाजूक की त्याला नेटवर्कची केबल लावायला जागासुद्धा ठेवलेली नाही.

जुन्या डब्यात आईचा आवाज होता. हौसाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधींच्या वेळी धवले गाणारी, टेमघरपासून गणेशपुरीपर्यंत बोलावणी येणारी. चार महिन्यांपूर्वी ती गेली. आता तिच्याच लेकीचं, उन्नतीचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं आणि उन्नती हटून बसली होती, की हळदीला दुसरी धवलारीण नको, आईचाच आवाज लावायचा.

आई गेल्यापासून प्रितेश रडला नव्हता. जेवत होता, ड्युटीवर जात होता, कोणी विचारलं तर बरा आहे म्हणत होता. ठकुबाई मावशी तोंडावर म्हणाली, "दगड हाय तू!" त्याला त्याचाही राग आला नाही. आवाज ऐकला की आत काहीतरी फुटेल, एवढीच त्याला आशा होती.

जुन्या डब्याचा स्पीकर कधीच बंद पडला होता आणि पेनड्राइव्ह तो घेत नव्हता. उरलं नेटवर्क. प्रितेशने त्याच्या पाठीमागून केबल राउटरला नेली, लॅपटॉप वायफायवर घेतला, दोघांच्या वर्कग्रुपला एकच नाव दिलं. तरी लॅपटॉप ढिम्म.

"लागला काय रं दादा?" उन्नतीने दारातून विचारलं.

"न्हाय."

दुपारी कुठे उमगलं, की जुन्या पद्धतीचं शेअरिंग नवे लॅपटॉप धोक्याचं समजून बंदच ठेवतात. त्याने ते चालू केलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि स्क्रीनवर फोल्डर आला. 'शुक्रवार'. मागच्या गल्लीतले खडखडणारे लूम शुक्रवारी बंद असत, म्हणून तो आईला त्याच दिवशी माइकसमोर बसवायचा. अकरा फायली होत्या.

उन्नती हात पुसत येऊन बसली. त्याने पहिली फाईल लावली. आईचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. उन्नतीने तोंडाला पदर लावला. प्रितेश वाट बघत राहिला. सूर चोख, शब्द स्वच्छ, आणि त्याला काहीच होईना. हा आवाज अख्ख्या पंचक्रोशीचा होता. मांडवात कोणीही ऐकावा असा.

"सुरू करायच्या आधी आई बोलायची बघ," उन्नती म्हणाली. "खोकायची, मला हाका मारायची, चाय मागायची. ते लाव."

प्रितेशने माउसवरचा हात काढला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि त्याला सगळं स्टुडिओसारखं हवं होतं. दर शुक्रवारी आई उठून स्वयंपाकघरात गेली, की तो तिचं खोकणं, बोलणं, हसणं बारकाईने कापून टाकायचा. वर तिला दटावायचा, "आई, मधे मधे बोलू नको ना." ती बिचारी पुढच्या शुक्रवारी तोंड मिटून बसायची आणि पाच मिनिटांत विसरायची.

"न्हाय ते," तो म्हणाला. "मीच कापलं. साफ करायला."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी झालं होतं आणि ते दुःख नव्हतं. ती लाज होती. कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम, उघडी लाज.

उन्नती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने बाकीच्या फायली एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीची सुरुवात तेवढी ऐकली. अकराही पहिल्याच क्षणी थेट गाण्यावर आल्या.

"दादा," तिने हळूच विचारलं, "तुला प्रितू म्हणायची, ते बी न्हाय?"

सांगायचं तर 'न्हाय' हा एकच शब्द होता, आणि सकाळपासून प्रितेश तो दहादा बोलला होता. आता मात्र त्याला तो म्हणवेना.