उजेडावरचं घड्याळ

जावयाने खिशातून घड्याळ काढून काउंटरवर जवळजवळ आपटलंच. "तुम्ही लग्नात दिलेलं. बंद पडलं. स्वस्तातला माल, दुसरं काय!"

घड्याळजीला कुणी नावं ठेवलेली चालत, त्याच्या घड्याळांना नाही. वैमानिकाच्या घड्याळासारखी काळी तबकडी, ठसठशीत आकडे, आणि चालायला नुसता उजेड पुरे. एवढ्या किमतीत असं घड्याळ शोधायला त्याने दहा दुकानं पालथी घातली होती, एकुलत्या एका लेकीसाठी.

"वापरते ना?"

"हातातून काढत नाही. बाबांनाच दाखवा म्हणून हटून बसली. सारखं किती वाजले, किती वाजले! डोकं खाते नुसतं."

घड्याळजीने ते टेबलावरच्या दिव्याखाली धरलं. बऱ्याच वेळाने सेकंदकाटा हलला, पण दोन-दोन घरं उड्या मारत. बिघाड कसला आलाय? यंत्र ठणठणीत होतं, फक्त उपाशी होतं. एकदा पोटभर उजेड मिळाला की ते सहा महिने अंधारात चालतं. खिडकीतला उजेड, स्वयंपाकघरातला दिवा, एवढ्यावरही भागतं त्याचं. म्हणजे सहा महिने...

कपाटात पडून राहिलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि पट्टा उलटा केला. आतून घामाने ओलसर होता. शेवटच्या भोकाच्या आत आणखी दोन भोकं होती, सुईने पाडलेली. हा पट्टा त्यानेच तिच्या मनगटाच्या मापाने कापला होता. आता ते मनगट केवढं बारीक झालं असेल?

दर रविवारी ती फोनवर "मी बरी आहे, बाबा" म्हणायची आणि हा गाढव निर्धास्त झोपायचा.

"घराबाहेर पडते की नाही?" त्याने मान वर न करता विचारलं.

"रोज फिरायला जाते की, सकाळच्या उन्हात." जावई हसला. "दुरुस्तीची कटकट नको, बाबा. सेलवरचं एखादं द्या. उजेडाबिजेडाची भानगड नसलेलं."

"देतो ना. मीच येतो, माझ्या हाताने बांधतो तिला. चला, जावईबापू."

"आत्ता? मी कामावर चाललोय. मी नसताना घर बंद असतं, किल्ली माझ्याकडे."

"मग फिरून आल्यावर ती आत कशी जाते?"

जावयाचं हसू मावळलं. घड्याळजी उठून उभा राहिला आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या."

जावयाने वळून दुकानाचं दार आतून लावून घेतलं.